पंचवीस सेंटीमीटरचा ओटा

सिहोऱ्याच्या श्यामरावांनी आयुष्यात मोठे असे निर्णय घेतलेच नव्हते. लग्न वडिलांनी ठरवलं, नोकरी मामांनी लावून दिली, मुलीचं राखी हे नावसुद्धा आत्याबाईंनी परस्पर ठेवलं. त्यामुळे साठी उलटल्यावर एक तरी निर्णय आपण आपल्या डोक्याने घ्यावा असं त्यांना वाटलं, यात त्यांचा काही दोष नाही. निर्णयही तसा लहानसाच होता. गिरजाबाईंसाठी, म्हणजे स्वतःच्या बायकोसाठी, स्वयंपाकघरात उभ्याने काम करायचा ओटा बांधायचा.

कारण होतं गुडघे. तुमसरच्या डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून पाहिला आणि सरळ सांगितलं, ‘‘आई, आता खाली बसून स्वयंपाक बंद. वाकून कामं बंद. जे करायचं ते उभ्यानं. नाही तर वर्षभरात आपण ऑपरेशनच्या टेबलावर भेटू.’’ गिरजाबाईंनी मान डोलावली, घरी आल्या आणि खाली बसून चहा केला. दुसरं करणार काय? गॅसची शेगडी जमिनीवरच होती. चौतीस वर्षं त्या तशाच रांधत आल्या होत्या. उठताना भिंतीला हात लावून त्या क्षणभर थांबल्या, डोळे मिटले, आणि मग कप घेऊन आल्या. श्यामरावांना तो चहा गोड लागला नाही. ‘आपण हिच्यासाठी जन्मात काय केलं?’ असं त्यांच्या मनात आलं, आणि बराच वेळ आठवूनही काही आठवेना, तेव्हा त्यांना ओटा सुचला.

योगही छान जुळून आला. राखी सानगडीला दिली होती. तिथून साकोली जवळ, आणि साकोलीला मशीनने गुडघे शेकून देणारे डॉक्टर होते. पंधरा दिवसांचा कोर्स ठरला. गिरजाबाई लेकीकडे राहायला जाणार आणि परत येणार त्या थेट मंडईच्या आदल्या दिवशी.

आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. त्या दिवशी लेकी माहेरी येतात, व्याही येतात, व्याह्यांचे व्याही येतात, रात्री नाटक असतं, आणि घरात किती माणसं जेवली याचा हिशेब कोणी ठेवत नाही. यंदा श्यामरावांकडे सतरा माणसं नक्की होती. म्हणजे ओटा मंडईच्या आत व्हायलाच हवा. नाही तर गिरजाबाई सतरा माणसांचा स्वयंपाक त्या गुडघ्यांवर खाली बसून करणार, आणि ‘नको’ म्हटलं तर ऐकणार नाहीत, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आता श्यामरावांच्या मोजमापाबद्दल थोडं सांगायला हवं. चिखल्याच्या खाणीत ते एकतीस वर्षं मोजणी खात्यात होते. गावात त्यांना त्याबद्दल मान होता. कोणाचा गोठा असो की बांध असो, ‘श्यामराव भाऊले बोलवा, त्यायले मापाचं समजते’ असं लोक म्हणत. खाणीत त्यांचं काम नेमकं काय होतं, हे मात्र गावाने कधी विचारलं नाही आणि त्यांनीही आपण होऊन सांगितलं नाही. ते टेप धरत. टेपचं शून्याचं टोक. आकडे दुसऱ्या टोकाला असत आणि तिथे साहेब उभे असत. (एकतीस वर्षांत श्यामरावांचं शून्य एकदाही चुकलं नाही, हे मात्र मान्य केलं पाहिजे.)

गिरजाबाई सानगडीला निघायच्या सकाळी वेणी घालत उभ्या होत्या. श्यामराव हळूच मागे गेले आणि जमिनीपासून त्यांच्या कोपरापर्यंत टेप लावला.

‘‘हे काय करून राहिले?’’

‘‘काही नाही. तुयी उंची पाहून राहिलो.’’

‘‘या वयात वाढली काय?’’

‘‘डॉक्टरनं सांगतलं पाहाले.’’

गिरजाबाईंनी डॉक्टरच्या नावाने उसासा टाकला आणि बॅग उचलली. कोपर नव्वद सेंटीमीटरवर होतं. ओटा कोपरापेक्षा दहा सेंटीमीटर खाली असावा, असं हार्डवेअरच्या दुकानदाराने सांगितलं होतं. नव्वद वजा दहा, ऐंशी. (ही वजाबाकी बरोबर आली. दोन्ही आकडे सेंटीमीटरचेच होते, त्यामुळे त्यात श्यामरावांना चुकायला वावच नव्हता.)

पुढचा प्रश्न गोपीचंदने विचारला. गोपीचंद गावातला गवंडी, हाताचा स्वच्छ आणि तोंडाचा गरीब. ‘‘भाऊ, ओटा वरपर्यंत ऐंशी पाहिजे, बराबर. पन वर कडप्पा येन, त्याच्यावर गिरनाईट येन, मंधात मसाला येन. मंग खालची भित किती उचलू ते सांगा.’’

हा प्रश्न ऐकून श्यामराव खूश झाले. इथे डोकं लागणार होतं. त्यांनी दुकानदाराला फोन करून जाड्या विचारल्या. कडप्पा पंचवीस, ग्रॅनाइट अठरा, मधल्या सिमेंटच्या मसाल्याचे धरा बारा. दुकानदार बोलला मिलीमीटरमध्ये, कारण फरशीवाले मिलीमीटरमध्येच बोलतात. श्यामरावांनी लिहिलं कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर, आणि लिहिताना आकड्यांपुढे काहीच लिहिलं नाही, कारण आकडा लिहिला की माप झालं अशी त्यांची समजूत होती. ऐंशीतून पंचवीस गेले, पंचावन्न. अठरा गेले, सदतीस. बारा गेले, पंचवीस. उत्तर पूर्ण आलं, मागे अपूर्णांक उरला नाही, याचंच त्यांना फार कौतुक वाटलं.

‘‘लिही गोपीचंद. भित पंचवीस सेंटीमीटर.’’

गोपीचंदने आपला टेप काढला आणि उलटसुलट करून पाहिला. ‘‘दहा इंच, भाऊ?’’

‘‘तुया इंचात किती ते मले माहीत नाही. पंचवीस.’’

‘‘नाही, म्हटलं, बुटका नाही होनार का?’’

‘‘मी वरचं सारं वजा करून सांगून राहिलो, गोपीचंद. माप म्हणजे माप.’’

गोपीचंदने विचार केला. त्याच्या आजाने आणि बापाने या गावात शेकडो ओटे बांधले होते, आणि ते सगळे चुलीचे, वीत-दीड वीत उंचीचे, बाई पाटावर बसली की हाताशी येतील असे. गिरजाबाई जन्मभर बसूनच रांधत आल्या, हे त्यालाही माहीत होतं. भाऊंना तसाच ओटा पाहिजे असेल, फक्त वर ग्रॅनाइट लावून. पैसेवाल्यांची हौस. त्याने पुढे विचारलं नाही आणि भिजवलेल्या विटा मोजायला घेतल्या.

त्याच आठवड्यात श्यामरावांच्या दोन एकर बांधीतला धान कापणीला आला. पहाटे जायचे, दिवस मावळता यायचे. पहिल्या दिवशी घरी येऊन त्यांनी स्वयंपाकघरात डोकावलं. भिंत घोट्याच्या वर आणि गुडघ्याच्या खाली कुठेतरी होती. ‘चला, पाव काम झालं,’ असं म्हणून ते समाधानाने जेवायला शेजारी गेले. दुसऱ्या दिवशी ते डोकावलेच नाहीत, कारण अंगात त्राण नव्हतं. तिसऱ्या दिवशी आले तेव्हा गोपीचंद हातपाय धूत होता.

‘‘झालं भाऊ. गिरनाईट असं बसवलं का जन्मभर हालनार नाही. मी आता निंगतो, सासुरवाडीची मंडई हाय. चार दिवसांनं येतो.’’

श्यामराव आत गेले. समोर काळाभोर, चकचकीत, आरशासारखा ग्रॅनाइट होता आणि तो त्यांच्या नडगीला लागत होता. टेप लावला. साडेतीस सेंटीमीटर. बाहेर येऊन पाहतात तर गोपीचंदची मोटरसायकल वळणावर दिसेनाशी झाली होती.

ते पुन्हा आत आले, ओट्यावरच बसले आणि कॅलेंडर काढून वजाबाकी पुन्हा केली. पंचवीस. पुन्हा केली. पंचवीसच. मग त्यांनी मोबाइलवर केली. मोबाइलही पंचवीसच म्हणाला. आता दोष द्यायला कोणी उरलं नाही. सिलेंडर ओट्याखाली ठेवायचा म्हणून ते घेऊन आले होते. तो आत जाईना. शेवटी तो ओट्याच्या बाजूला उभा केला, तर ओट्याच्या दुप्पट उंच दिसू लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी गिरजाबाई एसटीतून उतरल्या. गुडघ्यांना आराम होता, चेहरा उजळला होता. ‘‘तुले एक दाखवाचं हाय,’’ श्यामराव म्हणाले, आणि त्यांच्या आवाजावरून गिरजाबाईंनी ओळखलं की काहीतरी झालं आहे.

त्यांनी ओटा पाहिला. बराच वेळ पाहिला. मग ओट्यावर मांडलेल्या शेगडीपाशी जाऊन उभ्याने तवा ठेवायचा प्रयत्न केला आणि कंबरेत पार दुमडल्या.

‘‘जन्मभर वाकून धानाची रोवणी केली,’’ त्या तशाच वाकलेल्या स्थितीत म्हणाल्या, ‘‘आता घरातबी रोवणीच कराची काय?’’

‘‘माप बरोबर हाय, गिरजा. मी तीन-तीनदा पाहिलं.’’

‘‘दाखवा बरं.’’

श्यामरावांनी कॅलेंडर पुढे केलं. गिरजाबाई चौथी शिकलेल्या. त्यांनी बोट ठेवलं. ‘‘हे ऐंशी काय?’’

‘‘सेंटीमीटर.’’

‘‘अन् हे पंचवीस?’’

‘‘ते कडप्प्याची जाडी. मिलीमीटर.’’

‘‘अन् हे अठरा न् बारा?’’

‘‘तेबी मिलीमी...’’ इथे श्यामराव थांबले. कानाची पाळी लाल झाली.

‘‘पंचवीस सेंटीमीटरचा कडप्पा असता,’’ गिरजाबाई शांतपणे म्हणाल्या, ‘‘त तो उचलाले बैलजोडी लागली असती. अहो राखीचे बाबा, खंडीभर धानातून चार पायल्या द्याच्या असल्या त आदी खंडीच्या पायल्या कराव्या लागते, मंग वजा. दोन मापं अशी एकात एक घालता येतेत काय? आमच्या मायनं मले हे मी परकर नेसत होती तवाच सांगतलं होतं.’’

दहा मिलीमीटरचा एक सेंटीमीटर. पंचावन्न मिलीमीटर म्हणजे साडेपाच सेंटीमीटर. भिंत हवी होती साडेचौऱ्याहत्तर. हे सगळं श्यामरावांना एका झटक्यात दिसलं. त्यांना वाटलं, गिरजा आता रागावेल. रागावली असती तर बरं झालं असतं. पण ती नुसती ओट्याच्या काळ्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

‘‘मायासाठी केला?’’ तिने विचारलं.

‘‘हो.’’

‘‘मले न सांगता?’’

‘‘हो ना.’’

‘‘लय चिकना हाय,’’ ती म्हणाली, आणि पदराने डोळे पुसून म्हणाली, ‘‘आता उद्याचं बोला. सतरा माणसं.’’

श्यामरावांनी टेबल आणतो म्हटलं, पण घरातलं एकुलतं टेबल नाटकवाल्यांनी दरबाराच्या सीनसाठी नेलं होतं. शेजारची बाई बोलवू म्हटलं, पण मंडईच्या दिवशी सिहोऱ्यात रिकामी बाई सापडत नाही. प्रत्येकीच्या घरी सतरा माणसं असतात. राखी सकाळी सासरच्यांबरोबर येणार होती, पण मंडईला आलेली लेक पाहुणी असते, तिला चुलीपुढे बसवली तर गाव नाव ठेवतं. गिरजाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि पाट ओढला. त्या खाली बसायला लागल्या, तसा श्यामरावांच्या डोळ्यांपुढे तो गुडघ्यांचा फोटो उभा राहिला.

‘‘थांब,’’ ते म्हणाले. ‘‘तू नाही बसाचं. मी बसतो.’’

‘‘तुमी?’’

‘‘मी.’’ त्यांनी पाट घेतला, त्यावर मांडी घातली. शेगडी बरोब्बर हाताशी आली, कढईत छान दिसत होतं, कोपर कुठे अडत नव्हतं. ओटा कोणाच्या तरी मापाचा झाला होता एवढं खरं. ‘‘तू खुर्ची घे अन् सांग. मी करतो.’’

त्या दिवशी सराव झाला. पहिला भात खाली लागला, दुसरा कच्चा राहिला, तिसरा गाईनेही मान फिरवून खाल्ला. चौथा भात मात्र गिरजाबाईंनी चाखला आणि म्हणाल्या, ‘‘चिन्नोर तांदळाचा वास आला बरं.’’ एवढ्या शब्दांनी श्यामरावांना मिळालेला आनंद खाणीतल्या निरोप समारंभाच्या शालीनेही दिला नव्हता.

मंडईच्या दिवशी ते पहाटेपासून पाटावर होते. डाळ झाली, वांगी झाली, भाताने भरलेले दोन गंज शेगडीवरून उतरले. वड्यांच्या तिसऱ्या घाण्याला त्यांची पाठ भरून आली, पाय बधिर झाले आणि डोळ्यांत तेलाचा धूर गेला. शेगडीपुढून न उठता त्यांनी वर पाहिलं.

‘‘गिरजा, तू चौतीस वर्षं हे कसं केलं?’’

‘‘बसून,’’ गिरजाबाई म्हणाल्या.

श्यामरावांना आधी हसू आलं, मग हिशेब सुचला. चौतीस मंडया ही बाई या जागी बसली, आणि आपण बाहेर पाहुण्यांपुढे सुपारी कातरत ‘वाढ गं’ म्हणत होतो. ‘‘तुये लय उपकार हाय बाप्पा मायावर,’’ ते म्हणाले. हे वाक्य त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं, तेही झारा हातात धरून. गिरजाबाईंनी ‘‘वडा पलटवा, काळा होऊन राहिला’’ असं उत्तर दिलं, पण त्यानंतर दहा मिनिटं त्या काही ना काही गुणगुणत होत्या.

एवढ्यात दारात विहीणबाई उभ्या राहिल्या. राखीच्या सासूबाई, सत्यभामाबाई. त्यांच्या मागे व्याही कृष्णराव, आणि त्यांच्याही मागे राखी आणि बाकीचे पाहुणे. सगळ्यांची नजर आधी गुडघ्याएवढ्या ओट्यावर आणि मग त्यापुढे मांडी घालून बसलेल्या, पीठ माखलेल्या श्यामरावांवर गेली.

‘‘अगं बाई! हे काय, व्याहीबुवा?’’

श्यामरावांनी तोंड उघडलं. सेंटीमीटर, मिलीमीटर, कडप्पा, सगळे एकदम जिभेवर आले आणि एकही बाहेर पडेना. आता सानगडीपर्यंत हसं होणार. तेवढ्यात खुर्चीवरून गिरजाबाईच बोलल्या.

‘‘यायनं सोताच्या मापाचा ओटा बांधून घेतला. म्हणते, तू लय केलं, आता मंडईचा सैपाक मी करीन. मी नाही म्हटलं, पन ऐकत नाहीत.’’

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं, मग सगळ्यांनी मिळून आपापल्या नवऱ्यांकडे पाहिलं. कृष्णरावांनी छताकडे पाहिलं. श्यामरावांनी मात्र फक्त बायकोकडे पाहिलं. ती शांतपणे कांदा चिरत होती, आणि त्या क्षणी तिने मागितलं असतं तर त्यांनी स्वतःचे दोन्ही गुडघे काढून दिले असते.

पाहुणे पोटभर जेवले. वडे पुन्हा मागून घेतले. आणि रात्रीच्या नाटकाला गिरजाबाई विहिणीबरोबर पुढच्या रांगेत खुर्चीवर बसल्या. लग्न होऊन या घरात आल्यापासून मंडईचं नाटक त्या पहिल्यांदाच पाहत होत्या. आपलं टेबल दरबारात कसं दिसत होतं, हे त्यांनी दुसऱ्या दिवशी तीनदा सांगितलं.

चार दिवसांनी, ओटा बुटका झाल्याचा निरोप मिळालेला गोपीचंद छिन्नी-हातोडा घेऊन खाली मान घालून आला. गिरजाबाईंनी त्याला चहा दिला आणि समोरच्या भिंतीला दुसरा ओटा बांधायला सांगितला, ऐंशी सेंटीमीटरचा, गोपीचंदने स्वतः मोजून आणि प्रत्येक आकड्यापुढे एकक लिहून. जुना ओटा फोडायचा नाही, असंही सांगितलं. आता सकाळचा चहा-पोहे गिरजाबाई उभ्याने करतात, आणि संध्याकाळचा भात श्यामराव बसून. दोघांचं छान चाललं आहे.

परवा संध्याकाळी श्यामराव पाटावर बसून भाजी परतत होते, तेव्हा फोन वाजला. कृष्णराव होते. आवाज खोल गेलेला.

‘‘व्याहीबुवा, आमच्या घरी गवंडी आला हाय.’’

‘‘चांगलं हाय ना मंग.’’

‘‘चांगलं कायचं! तो मले पाटावर बसवून माया कोपराचं माप घेऊन राहिला!’’ कृष्णराव कुजबुजले. ‘‘शेजारच्या आनंदरावच्या घरीबी उद्या जानार हाय. सारे माणसं तुमच्यावर खवळून हाय. एक सांगा, खरं सांगा. तुमचं माप चुकलं होतं ना?’’

श्यामरावांनी समोर पाहिलं. गिरजाबाई आपल्या उंच ओट्याशी उभ्या राहून कोथिंबीर निवडत होत्या. त्यांनी इज्जत राखली होती, ती अशी मोडायची का? पण तिकडे एका निरपराध माणसाचं कोपर मोजलं जात होतं. श्यामराव सरळमार्गी माणूस. ‘‘हो,’’ ते म्हणाले. ‘‘चुकलं होतं.’’

‘‘देवच पावला! थांबा, फोन ईस्पीकरवर टाकतो. हिच्यापुढं बोला. मरेपर्यंत उपकार नाही विसरनार.’’

श्यामरावांनी घसा साफ केला आणि पहिल्यांदाच सगळं कबूल केलं. ‘‘विहीणबाई, ओटा मी हिच्यासाठीच बांधाले घेतला होता. ऐंशी सेंटीमीटरचा. पन त्याच्यातून मिलीमीटर तसेच वजा केले. आदी दहानं भागून सेंटीमीटर कराले पाहिजे होते, ते नाही केले. म्हणून बुटका झाला. सैपाकाचं मंग अंगावर आलं. खरं हेच हाय.’’

तिकडून सत्यभामाबाईंचा भरून आलेला आवाज आला.

‘‘ऐका! ऐकलं का? काय माणूस हाय! तुमाले वाचवाले सोताले मूर्ख म्हणवून घेऊन राहिले! व्याहीबुवा, मी काय आजची हाय काय? इतकी अडाणी चूक त आमचे हेबी करनार नाहीत!’’

मग सानगडीकडून गवंड्याचा आवाज ऐकू आला, ‘‘काका, हात सरळ धरा,’’ आणि फोन कटला.

‘‘कोनाचा फोन होता?’’ गिरजाबाईंनी विचारलं.

‘‘व्याह्यायचा. खरं सांगून टाकलं मी.’’

‘‘मंग?’’

‘‘कोनाले पटलं नाही.’’

‘‘मले पटलं असतं,’’ गिरजाबाई म्हणाल्या आणि निवडलेली कोथिंबीर त्यांच्या कढईत टाकायला पुढे केली.